एकच डेक्सा, तीन वाटा: चरबीतल्या मूलपेशींवरचा पहिला प्रयोग कसा लावावा

"मॅडम, चरबी करायच्या मीडियममध्ये डेक्सा आहे, हाड करायच्या मीडियममध्येही डेक्सा, कूर्चा करायच्याही. मग हे डेक्सा नक्की करतं तरी काय?"

सोलापुरात एमएस्सी बायोटेक्नॉलॉजीची मुलं प्रोजेक्टचा विषय घेऊन येतात तेव्हा हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतं. डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, मीडियम म्हणजे ज्या पोषक द्रवात पेशी वाढवतात ते, आणि पेशी म्हणजे चरबीतून काढलेल्या मूलपेशी, ज्यांना चरबी, हाड किंवा कूर्चेकडे वळवता येतं. ज्याला हा प्रश्न पडला त्याचा प्रोजेक्ट चांगला होणार, असं मी धरून चालते. दवाखान्यात चित्र उलटंच दिसतं. वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाचा चेहरा गोल होतो, पोटावर चरबी चढते, हातपाय काटकुळे होतात आणि हाडं ठिसूळ होतात. शरीरात स्टेरॉइड जास्त झालं की हीच लक्षणं दिसतात आणि त्यांना हार्वे कुशिंग यांचं नाव आहे, त्यांच्या १९३२ च्या लेखावरून. जे औषध माणसाचं हाड पोखरतं, तेच प्लेटमध्ये हाड तयार करायला घालायचं? हो, घालायचं. या विसंगतीला उत्तर मिळेल असा प्रयोग लावायचा आहे. बाटलीवरची कृती पाठ करून तो लागत नाही.

आधी शब्द नक्की करा

'स्टेरॉइड' या एका शब्दाखाली बरंच काही येतं. जिममध्ये ज्यांची चर्चा चालते ती टेस्टोस्टेरॉनच्या कुळातली. ती अँड्रोजेन रिसेप्टरमार्फत (हार्मोन ज्यावर बसतं त्या पेशीतल्या प्रथिनामार्फत) चालतात आणि मूलपेशीला मेदपेशी होण्यापासून सहसा रोखतात. दमा, संधिवात, त्वचाविकार यांवर दिली जातात ती ग्लुकोकॉर्टिकॉइड: हायड्रोकॉर्टिसोन, प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, ट्रायमसिनोलोन, डेक्सामेथासोन. यांचा कल चरबीकडे. म्हणजे एकाच शब्दात दोन उलट दिशा आहेत. प्रोजेक्टच्या शीर्षकात 'ग्लुकोकॉर्टिकॉइड' असंच लिहा.

यांतलं पहिलं औषध म्हणून डेक्सामेथासोन घ्या. ते जोरकस आहे: २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं काम सुमारे ०.७५ मिलिग्रॅममध्ये करतं. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. कॉर्टिसोन आणि प्रेडनिसोन ही औषधं आहेत त्या रूपात काम करत नाहीत. ११-बीटा-एचएसडी१ नावाचं एन्झाइम आधी त्यांना कामाच्या रूपात आणतं, आणि हे एन्झाइम चरबीच्या पेशींत असतं. एका दात्याच्या पेशींत ते जास्त, दुसऱ्याच्या कमी, असं असेल तर तुम्ही औषध मोजताय की एन्झाइम, हे कळणार नाही. डेक्सामेथासोनला ही पायरी लागत नाही.

आत काय घडतं, तेवढं समजून घ्या

डेक्सा तेलात विरघळणारं आहे, म्हणून पेशीचं आवरण ओलांडून सहज आत जातं. आत ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर एचएसपी९० या प्रथिनाच्या सोबतीने थांबलेला असतो. औषध बसलं की तो केंद्रकात जातो आणि डीएनएवर ठरावीक जागी बसून जनुकं चालू-बंद करतो. चरबीच्या वाटेवर सी/ईबीपी-डेल्टा हे जनुकं चालवणारं प्रथिन वाढतं. मीडियममधलं आयबीएमएक्स हे रसायन पेशीतलं सायक्लिक एएमपी, म्हणजे आतला निरोप्या रेणू, वाढवून सी/ईबीपी-बीटाला उचलतं. दोघं मिळून पीपीएआर-गॅमा आणि सी/ईबीपी-अल्फा या मेदपेशी घडवणाऱ्या मुख्य प्रथिनांना जागं करतात, आणि पेशी मेदपेशी व्हायला लागते. इन्सुलिन तिला साखर ओढून चरबी साठवायला लावतं. इंडोमेथासिन हे वेदनाशामक जास्त प्रमाणात थेट पीपीएआर-गॅमावर बसतं.

हाडाच्या मीडियममध्ये आयबीएमएक्स नाही, इंडोमेथासिन नाही. तिथे बीटा-ग्लिसेरोफॉस्फेट आणि व्हिटॅमिन सी यांची सोबत असते, डेक्साचं प्रमाण दहापट कमी असतं, आणि तेच डेक्सा रनएक्स२ या हाड घडवणाऱ्या प्रथिनाला बळ देतं. म्हणजे पेशी कुठे वळेल हे एकट्या डेक्सावर ठरत नाही. ते तिला वळायला तयार करतं. वाट ठरते सोबतीवर, मात्रेवर आणि किती दिवस दिलं त्यावर. प्रयोगाची मांडणी याच वाक्यातून काढायची आहे.

कागद

२०१७ च्या आयसीएमआर-डीबीटीच्या (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या) मूलपेशी संशोधन मार्गदर्शक तत्त्वांनुसार संस्थेची आचारसमिती आणि मूलपेशी संशोधन समिती, दोन्हींची परवानगी लागते. लायपोसक्शनमधली चरबी एरवी दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतच जाते, म्हणून 'विचारायचं कशाला' असं कोणी म्हणेल. विचारायचं. ती त्या माणसाच्या शरीरातून आली आहे. आणि आपल्या गावात संमतीपत्र फक्त मराठीत असून भागत नाही. शहराच्या पूर्व भागातल्या कुटुंबांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडून येणाऱ्यांत कन्नड. तिन्ही भाषांत कागद करा, आणि वाचून दाखवायला ती भाषा घरात बोलणारं माणूस न्या.

दात्याला काय विचारायचं

नवी मुलं ही पायरी वय, वजन आणि मधुमेह लिहून उरकतात. इथे मात्र थांबा, कारण आपण ज्या औषधाचा परिणाम मोजणार आहोत तेच औषध दात्याच्या अंगात आधी असू शकतं.

'तुम्ही स्टेरॉइड घेता का?' असं विचारलं की उत्तर 'नाही' येतं, कारण लोकांना ते त्या नावाने माहीत नसतं. दम्याचा पंप आहे का? गुडघ्यात किंवा खांद्यात कधी इंजेक्शन घेतलं? सांधेदुखीवर कुठून पुड्या किंवा बिनलेबलच्या गोळ्या आणल्या? गजकर्णावर किंवा चेहरा उजळायला मेडिकलमधून न विचारता ट्यूब घेतली का? तशा बऱ्याच ट्यूबमध्ये बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असतं. ट्यूब घरी असेल तर तिचा फोटो मागा.

त्यानंतर भूलतज्ज्ञांची नोंद पाहा. शस्त्रक्रियेनंतर उलट्या होऊ नयेत म्हणून भूल देताना ४ ते ८ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन शिरेतून देण्याची पद्धत सर्रास आहे. हे मला उशिरा कळलं. एका प्रोजेक्टात तिसऱ्या दात्याच्या पेशींनी बिनडेक्साच्या वेल्समध्येही (प्लेटमधल्या खळग्यांत) इतर दोघांपेक्षा जास्त चरबी दाखवली. आम्ही मीडियममधलं सीरम (रक्तातला पेशींना पोसणारा द्रव) बदललं, सगळं पुन्हा केलं. नंतर केसपेपरची झेरॉक्स मागवली तेव्हा भुलीच्या कागदावर डेक्सामेथासोनची नोंद दिसली. चरबी त्यामुळेच जास्त झाली, असं मी म्हणणार नाही, कारण तीन पॅसेजनंतर, म्हणजे पेशी तीनदा नव्या भांड्यात लावून वाढवल्यावर, मूळ औषध पेशीत उरत नाही. पण ती नोंद पहिल्या दिवशी माझ्या वहीत असायला हवी होती आणि नव्हती, याची खंत आजही आहे. चरबी काढण्याआधी टोचतात त्या पाण्यात काय होतं तेही विचारा. लिडोकेन आणि अॅड्रेनालिन तर असतंच.

पेशी काढणं

चरबीतून मूलपेशी काढण्याची रीत २००१ मध्ये पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी मांडली, आणि ढाचा अजून तोच आहे. नमुना निर्जंतुक डब्यात, थेट बर्फावर न ठेवता आणा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो. थंड पॅक टॉवेलमध्ये गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवा, वर नमुना. दाट सोलापुरी टर्किश टॉवेल यासाठी उत्तम. २४ तासांच्या आत काम सुरू झालंच पाहिजे, त्याच दिवशी झालं तर छान.

पीबीएस या खारट बफरने धुवत राहा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग ०.१ टक्का कोलॅजिनेज टाइप १ हे ऊती सोडवणारं एन्झाइम, चरबीइतक्याच घनफळाने, ३७ अंशांवर हलवत ३० ते ६० मिनिटं. मिश्रण एकजीव झालं की थांबा, घड्याळाची वाट पाहू नका. जास्त वेळ ठेवलं तर पेशी मरतात. १० टक्के सीरम असलेलं मीडियम घालून एन्झाइम थांबवा आणि ३०० जी वर १० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. वर तरंगते ती पिकलेली मेदपेशी, तिचं इथे काम नाही. तळाच्या लालसर पेलेटमध्ये (गोळ्यात) आपल्या पेशी आहेत. लाल रक्तपेशी अमोनियम क्लोराइडने फोडा, १०० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळा, फ्लास्कमध्ये लावा, दुसऱ्या दिवशी न चिकटलेलं धुऊन टाका.

ओळख पटवायला २००६ चे आंतरराष्ट्रीय निकष वापरा: प्लास्टिकला चिकटणं, पेशीच्या पृष्ठभागावर सीडी७३, सीडी९०, सीडी१०५ ही ओळखीची प्रथिनं असणं, सीडी४५ नसणं, आणि चरबी-हाड-कूर्चा या तिन्हींकडे वळता येणं. त्या निकषांत सीडी३४ नसावं असं आहे, पण चरबीतल्या ताज्या पेशींवर ते दिसतं आणि पुढे कमी होतं. पहिल्या पॅसेजला सीडी३४ दिसलं म्हणून घाबरून नमुना फेकू नका.

प्रयोगाला दुसरा ते चौथा पॅसेज घ्या. इन्क्युबेटरच्या ट्रेमध्ये निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटरच घाला. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि तोवर टाकीत साठलेलं असतं. त्या पाण्याने बुरशी आणली की महिन्याचं काम एका रात्रीत जातं.

हात बसलेला नसेल तर मानवी नमुन्यावर शिकू नका. ३टी३-एल१ ही उंदराची पेशीवाण (सेल लाइन) आठ-दहा दिवसांत चरबीचे थेंब दाखवते. पेशीवाणांसाठी पुण्याच्या एनसीसीएसचं (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचं) पेशीभांडार आहे. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं.

औषध विरघळवणं

मेडिकलमधलं डेक्साचं इंजेक्शन आणून प्लेटमध्ये घालू नका. ते डेक्सामेथासोन सोडियम फॉस्फेट असतं, त्याचा रेणुभार वेगळा, त्यात टिकवण्यासाठी इतर रसायनं असतात, आणि फॉस्फेट कापलं गेल्यावरच ते कामाला लागतं. हाडाच्या प्रयोगात तर फॉस्फेटचा प्रत्येक स्रोत हिशेबात धरावा लागतो. सायक्लोडेक्स्ट्रिनसोबतची पाण्यात विरघळणारी पूड घेतलीत तर तिच्यातलं बरंचसं वजन डेक्साचं नसतं. लेबलवरचं प्रमाण पाहूनच हिशेब करा.

साधी पूड घ्या. रेणुभार ३९२.४६. म्हणजे ३.९२ मिलिग्रॅम पूड १ मिली डीएमएसओ या द्रावकात विरघळली की १० मिलिमोलरचा साठा तयार. त्यातून डीएमएसओमध्येच १ मिलिमोलर आणि ०.१ मिलिमोलर करा. आता कोणताही साठा २० मिली मीडियममध्ये २ मायक्रोलिटर घातला की दहा हजारपट पातळ होतो: १ मायक्रोमोलर, १०० नॅनोमोलर, १० नॅनोमोलर. डीएमएसओ प्रत्येक वेळी सारखंच जातं, आणि हे तीन साठे त्यासाठीच. एका वेलमध्ये औषध जास्त आणि सोबत डीएमएसओही जास्त असेल तर फरक कशाने पडला ते सांगता येणार नाही. लहान कुप्यांत वाटून उणे २० अंशांवर ठेवा.

सीरममध्येही गाईच्या वासराचे स्वतःचे स्टेरॉइड हार्मोन असतात. प्रयोगाच्या दिवसांत कोळशाने धुतलेलं सीरम वापरा. महाग पडतं, पण 'शून्य' म्हणायचं तर ते शून्याच्या जवळ तरी हवं.

प्लेटची मांडणी

चरबीसाठी २४ वेलची एक प्लेट घ्या, सहा रांगा उभ्या. पहिल्या रांगेत साधं मीडियम आणि डीएमएसओ. दुसरीत साधं मीडियम आणि १ मायक्रोमोलर डेक्सा. तिसरीत इन्सुलिन १० मायक्रोग्रॅम प्रतिमिली, आयबीएमएक्स ०.५ मिलिमोलर, इंडोमेथासिन २०० मायक्रोमोलर, पण डेक्सा नाही. चौथीत तेच अधिक १०० नॅनोमोलर डेक्सा. पाचवीत तेच अधिक १ मायक्रोमोलर. सहावीत तेच अधिक १०० नॅनोमोलर डेक्सा आणि १ मायक्रोमोलर मिफेप्रिस्टोन, जे रिसेप्टर अडवून धरतं. मिफेप्रिस्टोनसाठी आणखी २ मायक्रोलिटर डीएमएसओ जाईल, तेवढं बाकी पाच मीडियममध्येही घाला.

मुलं दुसरी आणि तिसरी रांग गाळतात, 'तिथे काही होणारच नाही' म्हणून. दुसरी गाळली तर एकटं डेक्सा काय करतं ते कळत नाही. तिसरी गाळली तर डेक्सावाचून बाकीच्यांनी किती केलं ते कळत नाही. मग उरतं एवढंच की तयार मीडियम घातलं आणि चरबी झाली. ते पंचवीस वर्षांपूर्वीपासून माहीत आहे.

चौथ्या-पाचव्या रांगेत फारसा फरक न दिसला तर निराश होऊ नका. डेक्सा काही नॅनोमोलरलाच निम्मे रिसेप्टर भरतं. १०० नॅनोमोलरला जवळपास सगळे भरलेले असतात. वरची नऊशे काय करतात, हा प्रश्न प्रबंधात मांडण्याजोगा आहे.

दर वेलला सुमारे ४०,००० पेशी लावा, दाट होऊ द्या, मग दोन दिवसांनी विभेदनाचं (पेशीला वळवणारं) मीडियम सुरू करा. आठवड्यातून दोनदा बदला, पण सगळं ओढून घेऊ नका, निम्मंच बदला. चरबीने भरलेल्या पेशी तळाला घट्ट धरून राहत नाहीत, पिपेटच्या जोराने सुटतात.

औषध पेशीपर्यंत पोहोचलं की नाही हे पाहायला तीन आठवडे थांबायची गरज नाही. पीसीआरची (जनुक किती चालू आहे ते मोजण्याची) सोय असेल तर सहा तासांनी एफकेबीपी५ आणि जीआयएलझेड मोजा. ही जनुकं रिसेप्टर थेट चालवतो. ती चढली नाहीत तर साठा खराब आहे किंवा हिशेब चुकला आहे, आणि ते पहिल्याच दिवशी कळतं.

चरबी मोजणं

१४ ते २१ दिवसांनी फॉर्मेलिनने पक्कं करा, ६० टक्के आयसोप्रोपॅनॉलने धुवा, ऑइल रेड ओ हा चरबीला लागणारा लाल रंग लावा. रंग त्याच दिवशी पातळ करून गाळलेला हवा, नाहीतर लाल कण बसतात आणि थेंबासारखे दिसतात. फोटो आधी काढा, मग आयसोप्रोपॅनॉलने रंग उतरवून ५०० ते ५२० नॅनोमीटरला मोजा. चार वेलपैकी एक वेल पेशीमोजणीसाठी राखा. दोन वेल्समध्ये रंग सारखा पण एकात पेशी निम्म्या, तर ते दोन निकाल सारखे नाहीत.

हाडाची प्लेट

दुसरी प्लेट अशीच, पण दर वेलला १०,००० च्या आसपास पेशी. मीडियममध्ये बीटा-ग्लिसेरोफॉस्फेट १० मिलिमोलर आणि एस्कॉर्बेट-फॉस्फेट ५० मायक्रोमोलर. साधं मीडियम, साधं अधिक डेक्सा, हाडाचं मीडियम बिनडेक्साचं, आणि तेच १०, १०० व १००० नॅनोमोलर डेक्सासह. खालची आडवी रांग बिनपेशींची ठेवा, फक्त मीडियम. फॉस्फेट जास्त असलं की कॅल्शियम आपोआप साका धरतं, आणि अॅलिझरिन रेड हा कॅल्शियमला लागणारा रंग पेशींनी केलेला साठा आणि आपोआप बसलेला साका यांत भेद करत नाही.

हा रंग आपल्या गावाला परका नाही. सूत रंगवणाऱ्यांना ठाऊक असतं की अॅलिझरिन धाग्यावर नुसतं बसत नाही, त्याला मध्ये तुरटीसारखा धातूचा क्षार लागतो, तेव्हा ते पक्कं होतं. प्लेटमध्ये तुरटीच्या जागी कॅल्शियम असतं. एवढं समजलं की पीएच ४.१ ते ४.३ दरम्यान राखण्याचा आणि रंगाआधी डिस्टिल्ड वॉटरने नीट धुण्याचा आग्रह का, ते वेगळं सांगावं लागत नाही.

इथे त्याच प्लेटमधली एक वेल ऑइल रेड ओनेही रंगवा. डेक्सा वाढवत नेलं की हाडाच्या मीडियममध्येही काही पेशी चरबीकडे वळलेल्या सापडतात. कुशिंगच्या रुग्णाची आणि प्लेटची गाठ तुम्हाला इथे पडते: थोड्या मात्रेत, हाडाची सोबत असताना डेक्सा उपयोगी, आणि जास्त झालं की तेच वाट बदलतं. माणसाच्या हाडाचं नुकसान एवढ्यानेच होत नाही. तिथे हाड घडवणाऱ्या पेशी मरतात, हाड झिजवणाऱ्या पेशींचं आयुष्य वाढतं.

ऑस्टिओकॅल्सिन हे हाडातलं प्रथिन मोजून हाड ठरवायला जाऊ नका. ग्लुकोकॉर्टिकॉइड त्याचं जनुक थेट दाबतं. खनिज बसलेलं दिसेल आणि ऑस्टिओकॅल्सिन खाली गेलेलं. अल्कलाइन फॉस्फेटेज आणि रनएक्स२ सोबत मोजा.

कूर्चेचा प्रयोग पहिल्या वर्षी घेऊ नका. अडीच लाख पेशींची गोळी, टीजीएफ-बीटा३ हे वाढीचं प्रथिन, तीन आठवडे. खर्च मोठा आणि गोळी हरवण्याची शक्यता त्याहून मोठी.

निकाल लिहिताना

एका दात्याच्या तीन वेल म्हणजे तीन नमुने नव्हेत, ती एकाच नमुन्याची तीन वेळा केलेली मोजणी आहे. किमान तीन दाते हवेत, आणि तिघांचे आकडे वेगवेगळे दाखवा. चरबीच्या पेशींत माणसागणिक फरक इतका असतो की सरासरीत खरी गोष्ट दडपली जाते.

प्रयोग चालू असताना घरचं कोणीतरी विचारतंच, आजी संधिवातासाठी प्रेडनिसोलोन घेते, बंद करू का? प्लेट पाहून उत्तर देऊ नका. जास्त दिवस चालू असलेली गोळी एकदम थांबवली तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, कॉर्टिसोल, तयार करायला सुस्तावलेली अधिवृक्क ग्रंथी वेळेवर उठत नाही आणि जीव धोक्यात येऊ शकतो. आजीच्या डॉक्टरांकडे जा आणि हाडांची तपासणी, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी यांबद्दल विचारा.

शेवटी दिनदर्शिका. एका दात्याला पेशी वाढवण्यापासून रंगापर्यंत सात-आठ आठवडे धरा. ऑगस्टमध्ये पहिला नमुना मिळाला तर दुसरा ऑक्टोबरात, तिसरा डिसेंबरात. तिसऱ्याचं मीडियम बदलणं नेमकं संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, येतं. नंदीध्वजाच्या मिरवणुकीच्या दिवशी मंदिर परिसरातले रस्ते बंद असतात आणि निम्मी लॅब तिकडेच असते. त्या आठवड्यात मीडियम कोण बदलणार, त्याचं नाव आत्ताच वहीत लिहून ठेवा.